टपावर कॅरिअर चढला की रेंज गळते: बॅटरीवर आळ घेण्याआधी हे तपासा

आमच्या गाडीच्या बाबतीत हा प्रकार तीनदा झाला आणि तिन्ही वेळा मी भलत्याच जागी शोधत बसलो. गाडी इलेक्ट्रिक, छोटी एसयूव्ही, वापरता येणारी बॅटरी ४० युनिटांची. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट, म्हणून पुढे सगळीकडे युनिटच म्हणतो. म्हापसा ते पणजी रोजची ये-जा आहे, त्यात गाडीने कधी कुरकुर केली नाही. पण कोल्हापूरला ताईकडे जायला निघालो, टपावर कॅरिअर चढवला, की हिचं तंत्र बिघडलंच.

पहिली खेप मे महिन्यातली. मानकुराद आंब्यांच्या चार पेट्या, दोन फणस, कोकमाची बाटली फुटू नये म्हणून आईने साडीत गुंडाळून दिलेलं गाठोडं, आणि आत आम्ही चौघं. डिकीत बॅगा बसल्या, बाकी सगळं टपावर. निघताना बॅटरी ९८ टक्के आणि स्क्रीनवर रेंज, म्हणजे आहे त्या चार्जवर जाता येईल ते अंतर, ३४५ किलोमीटर. आंबोलीमार्गे कोल्हापूर दोनशेच्या आत-बाहेर. म्हटलं, न थांबता पोचू. सावंतवाडी येईपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर झाले होते आणि स्क्रीनवरचे नव्वद गेले होते. आंबोली चढून वर आलो तेव्हा ६१ टक्के. गडहिंग्लजला ४२. स्क्रीन म्हणत होती ११० किलोमीटर जाल, कोल्हापूर उरलं होतं सत्तरेक. हिशेबाने पोचलो असतो, पण सकाळपासून त्या स्क्रीनचा हिशेब पाहिलेला माणूस तिच्यावर भरवसा कसा ठेवणार? महामार्गावरच्या एका चार्जरवर थांबलो. आमच्या पुढे एक गाडी लागलेली. पाऊण तास नुसता नंबर लागण्यात गेला, आणि आंब्याच्या वासाने गाडीत बसवेना.

दुसरी खेप डिसेंबरची, थोड्याफार फरकाने हीच कथा. तिसरी गणेशचतुर्थीच्या, म्हणजे आमच्याकडच्या चवथीच्या आधी ताईला आणि भाच्यांना आणायला गेलो तेव्हाची. तिने तर मला पुरतं गोंधळात टाकलं, कारण गळती परतीच्या वाटेवर झाली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आपण समुद्राकाठी. म्हणजे एकूण हिशेबाने उतरणच, आणि उतरताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी थोडी भरते. तरीही युनिटं जवळजवळ जाण्याइतकीच खर्ची पडली.

मग मी कोणाकोणावर संशय घेतला ते सांगतो, कारण तुम्हीही याच क्रमाने जाल.

पहिला आळ बॅटरीवर. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी संगणक लावला आणि बॅटरीची तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. त्यांचं खरंच होतं. दुसरा आळ वजनावर. डिसेंबरच्या खेपेला नारळ कमी केले, आईची एक बॅग कमी केली (त्याचे पडसाद अजून उमटतात), आणि फरक शून्य. तिसरा आळ घाटावर. चौथा एसीवर: मे महिन्यात आजऱ्याच्या अलीकडे एसी बंद केला, दहा मिनिटांनी घरच्यांनी तो परत चालू करायला लावला आणि त्या दहा मिनिटांत मिळालेला फायदा स्क्रीनवर दिसण्याइतकाही नव्हता.

धागा सापडला तो बायकोमुळे. चवथीनंतर कॅरिअर रिकामा, पण टपावर तसाच होता, काढायचा कंटाळा. ही रोज पणजीला जाते. एका रविवारी अंगणातल्या आंब्याची फांदी लागत होती म्हणून मी कॅरिअर उतरवला. बुधवारी ती म्हणाली, "अरे, तू गाडीचं काही केलंस का? आधी दर तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावायचे, आज चौथा दिवस आणि अजून बरीच शिल्लक आहे." मी काहीच केलं नव्हतं. फक्त एक रिकामा पिंजरा उतरवला होता.

रिकामा. म्हणजे वजन नव्हे. डोक्यात लख्ख प्रकाश पडायला एवढं पुरलं.

आधी मोजा, मग बोला

अंदाजपंचे बोलण्यात अर्थ नाही, म्हणून एक चाचणी केली. तुम्हीही हीच करा, अर्धा दिवस पुरतो. करासवाडा ते पत्रादेवी हा राष्ट्रीय महामार्ग ६६ चा तुकडा साधारण पंचवीस किलोमीटरचा आहे. सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो आणि समुद्रावरचा वाराही उठलेला नसतो. जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. जाऊन-येऊन मोजणं महत्त्वाचं, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्ही बरेचसे फिटतात. फक्त एका दिशेने मोजलेला आकडा चहाच्या टपरीवर सांगायला ठीक, निदानाला नाही.

टायर थंड असताना हवा भरून घ्या. ट्रिप मीटर शून्यावर आणा. एसी २५ वर, पंखा एकाच खुणेवर. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) ८० वर. काचा बंद. मग प्रत्येक फेरीला फक्त टपावरची गोष्ट बदलायची, दुसरं काहीच नाही.

माझ्या गाडीचे आकडे असे आले, दर १०० किलोमीटरला: टप मोकळा असताना १३.६ युनिट. नुसत्या दोन आडव्या दांड्या, वर काही नाही, १४.१. दांड्या आणि वर रिकामा उघडा कॅरिअर, १५.२. कॅरिअरमध्ये सामान भरून वर ताडपत्री आणि दोरी, म्हणजे आपला नेहमीचा थाट, १६.४.

शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा २१ टक्क्यांनी जास्त आहे. पण माझी नजर तिसऱ्या आकड्यावर अडकली. रिकामा कॅरिअर काहीही न वाहता १२ टक्के खातो. जत्रा संपल्यावर महिनाभर टपावर मिरवणारे कॅरिअर म्हापशात कितीतरी दिसतात, त्यांत माझाही होता.

हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या कॅरिअरचे. तुमचे वेगळे येतील, पण फार वेगळे नाहीत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं इंधन बचतीचं संकेतस्थळ पेट्रोलच्या गाड्यांसाठी सांगतं की टपावरची मोठी, बोथट तोंडाची पेटी शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के मायलेज खाते. तिथेच वजनाचंही दिलं आहे: साधारण ४५ किलो जादा वजनाला सुमारे १ टक्का. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्या की माझ्या आईची बॅग निर्दोष सुटते.

वजन का नाही आणि वारा का

साठ किलो सामान टपावर आहे असं धरा. सपाट रस्त्यावर टायरांच्या घर्षणातून त्याचा खर्च १०० किलोमीटरला पाव युनिटही येत नाही. आता तेच साठ किलो आंबोलीच्या ६९० मीटर उंचीवर चढवा. वस्तुमान गुणिले ९.८१ गुणिले उंची, शाळेतलं सूत्र. उत्तर येतं ०.११ युनिट. म्हणजे पूर्ण घाट चढायला त्या सामानाला एका युनिटच्या नवव्या भागाएवढी वीज लागते. आणि पुन्हा उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त मोटर परत बॅटरीत टाकते. वजनाचा व्यवहार उधारीचा आहे, बरंचसं परत येतं. वाऱ्याचा रोखीचा: हवा फाडायला घातलेली वीज गेली ती गेली, ती ब्रेक दाबून परत मिळत नाही.

घाटाबद्दलही हेच. गाडी स्वतः माणसांसकट अठराशे किलोच्या घरात, तिला ६९० मीटर चढवायला साडेतीन-चार युनिटं लागतात आणि टक्के डोळ्यांदेखत उतरतात, म्हणून घाट बदनाम. पण घाटात आपण ३०-४० ने चाललेलो असतो, त्या वेगाला कॅरिअर जवळजवळ अदृश्य आहे. चोर घाटाच्या आधीच्या सरळ, छान, चौपदरी रस्त्यावर हात मारून गेलेला असतो.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ८० चा १०० केला, सव्वापट, तर विरोध सव्वाच्या सव्वापट, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. त्यात गाडीचा समोरून दिसणारा आकार आणि तो किती गुळगुळीत आहे हे गुणिले. आपल्या गाड्यांचं नाक, काच, टप हे सगळं हवा सरकून जावी असं घासून बनवलेलं असतं. टपावरून सरकणारी हवा मागे अलगद उतरायची, तिच्या वाटेत आपण एक चौकोनी पिंजरा ठेवतो. दर दांडीमागे, दर गाठीमागे हवेत भोवरे उठतात, आणि ते भोवरे फिरवायचं काम आपली बॅटरी करते. ताडपत्रीचं टोक सुटून फडफडत असेल तर बघायलाच नको. शिमग्याच्या रोमटामेळात निशाण नाचवणारा दमतो तशी गाडी दमते.

माझ्या गाडीला ८० च्या वेगाला निव्वळ वाऱ्यासाठी १०० किलोमीटरमागे सातेक युनिटं लागतात. बाकी टायर, एसी आणि इतर. भरलेल्या कॅरिअरने ते पावणेतीन युनिटांनी वाढलं, म्हणजे वाऱ्याचा वाटा सरळ ३८ टक्क्यांनी फुगला. वेगाच्या भाषेत सांगायचं तर कॅरिअरसह ८० ने जाणं हे मोकळ्या टपाने ९४ ने जाण्यासारखं. मी मनाशी समजत होतो की ८० ने शहाण्यासारखा चाललोय, आणि हवा मला ९४ चा दंड लावत होती.

पेट्रोलच्या गाडीवर वर्षानुवर्षं कॅरिअर लावून मुंबई-गोवा केलं तेव्हा कधी जाणवलं नाही, असं आमचे शेजारचे काका म्हणतात. तेही खोटं बोलत नाहीत. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. माझी ४० युनिटांची बॅटरी म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात साडेचार लिटरची टाकी. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्यात तीनशे किलोमीटर जाते, कारण ती वाया घालवत नाही. पेट्रोलचं इंजिन टाकीतली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून उधळत असतं, त्या उधळपट्टीत कॅरिअरचा खर्च झाकून जातो, शिवाय पंप दर गावाला. काटकसरीच्या घरात मात्र जादा पाहुणा लगेच कळतो.

तिसऱ्या खेपेचं कोडंही यातच सुटलं. भाद्रपदात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, आणि कोल्हापूरहून कोकणात उतरताना आपण त्याच्या तोंडावरच चाललेलो असतो. समोरून ताशी २० चा वारा असेल तर ८० ने जाणाऱ्या गाडीला तो १०० चा लागतो. विरोध दीडपट. वर ओला रस्ता, टायरांना पाणी बाजूला सारायचं काम. उतरणीने दिलेलं वाऱ्याने तिथल्या तिथे काढून घेतलं.

स्क्रीनचा आकडा हा अंदाज आहे, वचन नाही

दर वेळी दचकायला होतं त्याचं अर्धं कारण हे. स्क्रीनवरची रेंज आदल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून निघते. म्हापसा-पणजीच्या गर्दीत ४०-५० ने चालवलेल्या गाडीला वाटतं की पुढेही असंच चालणार. तिला बिचारीला टपावर काय चढवलंय हे माहीत नसतं. म्हणून कॅरिअर असताना तो आकडा झाकून ठेवा आणि टक्के बघा. ६० टक्के म्हणजे माझ्या गाडीत २४ युनिटं. भरल्या कॅरिअरने खर्च १६.४. चोवीसला १६.४ ने भागा, शंभरने गुणा, १४६ किलोमीटर. त्यातले तीसेक राखीव सोडा. हे बोटांवर जमतं, आणि जमत नसेल तर मागे बसलेल्या मुलाला द्या, त्याचा मोबाइल तेवढाच सुटतो. घाट पुढे असेल तर दर शंभर मीटर चढाईला अर्धा-पाऊण युनिट बाजूला काढून ठेवा.

उपाय, माझ्या मते ज्या क्रमाने करावेत तसे

सगळ्यात मोठा उपाय म्हणजे कॅरिअर न लावणं, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. कडक सुटकेसऐवजी मऊ बॅगा घेतल्या तर डिकीत आणि सीटखाली जवळपास दीडपट सामान मावतं. निदान आमचं मावलं. आंब्याच्या पेट्या आता रात्रीच्या बसच्या पार्सलने जातात, सकाळी ताई जाऊन घेऊन येते. पेट्यांचं भाडं आणि कॅरिअरने खाल्लेली वीज यांची तुलना केली तर पैशात मी तोट्यातच आहे हे मान्य करतो. पण चार्जरच्या रांगेतला पाऊण तास मी त्यात धरतो. फणसाला मात्र अजून उपाय नाही. तो आत घेतला तर दोनशे किलोमीटर त्याच्याच संगतीत काढावे लागतात.

कॅरिअर लागणारच असेल तर वेग कमी करा. इथे एक आकडा नीट बघण्यासारखा आहे. कॅरिअरसह ६८-७० ने चाललं तर वाऱ्याचा खर्च मोकळ्या टपाने ८० ने चालल्याइतकाच येतो. म्हापसा-कोल्हापूर वाटेवर खरा वेगाचा रस्ता किती? इकडे सावंतवाडीपर्यंतचा आणि तिकडे संकेश्वरपासून पुढचा, मिळून नव्वदेक किलोमीटर. तेवढं अंतर ८० ऐवजी ७० ने गेलात तर दहा मिनिटं उशीर होतो. दहाच. मी मात्र पहिल्या खेपेला संकेश्वरनंतर रस्ता चांगला म्हणून १०० ला नेली होती. १०० च्या वेगाला वाऱ्याचा खर्च ७० च्या दुप्पट असतो, आणि ती दुप्पट कॅरिअरच्या ३८ टक्क्यांवर चढते. मागून ट्रकवाला हॉर्न देतो, देऊ दे. डावी लेन धरा.

सामान रचण्यालाही अर्थ आहे. उंच वस्तू पुढे उभी करून तिच्या आडोशाला बाकीचं ठेवायची आपली सवय असते, उलट करा. सगळं आडवं, बुटकं, आणि पुढच्या बाजूला उतरतं. ताडपत्री खालून गुंडाळून वर घ्या, टोकं आत खोचा, वरून जाळी ताणा. पावसात गोणपाट नको. ते भिजून जड होतं ते सोडा, ढिलं होऊन फडफडायला लागतं. मी पुढे एका मित्राची बंद पेटी मागून आणून हीच चाचणी केली, बुटकी आणि निमुळत्या तोंडाची. भरलेली असताना १५.३ आलं. म्हणजे उघड्या कॅरिअरच्या वाढीव खर्चातला चाळीस टक्के भाग तिने वाचवला. निमुळतं तोंड पुढे हवं, हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं, पण उलटी लावलेली पेटी मी पर्वरीत पाहिली आहे. पेटी घेतलीत तर गाडीची नवी उंची कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा. १.६ मीटरची गाडी, वर दांड्या आणि पेटी, सगळं मिळून २.१ च्या घरात जातं, आणि तळघरातल्या पार्किंगच्या दारावरचा आडवा पाइप नेमका तेवढ्यावर टांगलेला असतो.

सायकली टपावर उभ्या लावणं सगळ्यात महाग. मागच्या दारावर लावायचं स्टँड वाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी बरं; वर सांगितलेल्या त्याच संकेतस्थळावर मागे लावलेल्या पेटीसाठी महामार्गावर १ ते ५ टक्केच दिले आहेत. पण मागची नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत, नाहीतर वाचवलेली वीज दंडाच्या चलनात जाते.

आणि काम झालं की उतरवा. दांड्यांसकट. बोल्ट सैल करायला वीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं.

शिट्टीचं काय?

हा प्रश्न खर्चाचा नाही, डोक्याचा आहे, पण मला सगळ्यात जास्त त्रास यानेच झाला. नुसत्या दांड्या असल्या की ७० च्या पुढे टपातून एक घुमणारा, एकसुरी आवाज येतो. मांडवीवरच्या अटल सेतूवर तर विचारू नका, बाजूचा वारा आला की सूर बदलतो. गोल किंवा चौकोनी दांडीच्या मागे हवा आळीपाळीने वरून-खालून भोवरे सोडते. तीन सेंटिमीटरच्या गोल दांडीला ८० च्या वेगाला सेकंदाला दीडशेच्या आसपास. टप मग ढोलकीच्या चामड्यासारखा वाजतो.

मी रबराच्या पट्ट्या लावल्या, दांड्या पुढे-मागे सरकवल्या. शेवटी शेजारच्या काकांनी, ज्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, अंगणातूनच सांगितलं, "सुंब गुठलाय रे तिका." मला वाटलं थट्टा करताहेत. तरी काथ्याचं सुंभ आणलं आणि दांडीला मळसूत्रासारखं, वेढ्यांमध्ये चार-चार बोटं अंतर सोडून गुंडाळलं. टोकं घट्ट बांधली. आवाज गेला. कमी झाला असं नव्हे, गेला. वेढ्यांमुळे भोवरे दांडीच्या पूर्ण लांबीवर एका ठेक्यात सुटत नाहीत, तुटक-तुटक सुटतात, म्हणून घुमत नाही. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर वरच्या भागात पत्र्याची पट्टी वळसे घेत गेलेली दिसते, तीही याचसाठी. विजेत फरक पडला नाही, तो आकडा मी मोजून पाहिला. पण गाडीत आता बोलता येतं.

लावण्याआधी दोन गोष्टी

टपावरच्या उभ्या पट्ट्या खऱ्या आहेत की शोभेच्या, ते पुस्तिकेत बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांवर त्या नुसत्या दिसायला असतात, भार घेण्यासाठी नाहीत. ॲक्सेसरीवाला "सगळे लावतात" म्हणेल, त्याचं ऐकू नका. माझ्या पहिल्या दांड्या अशाच एकाने बसवल्या होत्या आणि पन्नास किलोमीटरनंतर त्या बोटभर सरकलेल्या निघाल्या. टपाला किती भार चालतो हेही तिथेच दिलेलं असतं, आणि त्यात दांड्या, कॅरिअर, सामान सगळं धरायचं. वजन रेंज खात नाही असं मी वर म्हटलं, पण घाटाच्या वळणावर टपावरचं वजन गाडीला झुकवतं, तो विषय वेगळा आणि जास्त गंभीर. दर थांब्याला बोल्ट हाताने हलवून बघा.

टायरमधली हवा पूर्ण भाराची ठेवा. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक दोघांचा आणि एक भरल्या गाडीचा. आपण बहुतेक पहिलाच वापरत असतो.

बेळगावहून चोर्ल्याने किंवा अनमोडने खाली येणाऱ्यांनी वर बॅटरी १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत उतरणीची वीज मावत नाही, मोटरचा ब्रेक लागत नाही, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ९० ला थांबवा.

एवढं करूनही आकडा खाली येत नसेल तर

कॅरिअर आणि दांड्या पूर्ण काढा, सकाळची चाचणी परत करा. मोकळ्या टपालाही खर्च तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त येत असेल, तर दोष वर नाही, खाली आहे. फेरी संपल्यावर चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. पावसाळ्यानंतर, विशेषतः समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे होतं, खारी हवा लोखंडाला सोडत नाही. टायर एका कडेने झिजले असतील तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडली आहे. नवे टायर घातले असतील तर काही हजार किलोमीटर ते जुन्यांपेक्षा जास्त खातात, तिथे थांबणं हाच उपाय.

यातलं काही नसेल तेव्हाच सर्व्हिस सेंटर गाठा, आणि जाताना तारीख, वेग, टपावर काय होतं आणि युनिटं असे चार रकाने लिहिलेला कागद न्या. मी पहिल्यांदा नुसतं "रेंज कमी झाली" म्हणून गेलो होतो, तिथल्या पोराने मान डोलावली आणि गाडी धुऊन परत दिली.